अर्धं मीठ

सदर कर्मचारी : स्त्री. पद : वरिष्ठ तंत्रज्ञ, रक्तपेढी. उंची : मध्यम. बांधा : मध्यम. ओळखीची खूण : डाव्या हाताच्या बोटांवर टोचल्याचे बारीक व्रण, शिकाऊ तंत्रज्ञांच्या सरावामुळे आलेले. वर्तणूक : समाधानकारक. रजा : आईच्या आजारपणापुरती. याच आस्थापनेत कार्यरत असलेले रक्ताचे नातेवाईक : एक (सख्खी धाकटी बहीण). सदर नात्यामुळे कामकाजात बाधा आली असल्यास तपशील : निरंक.

'निरंक' हा कार्यालयीन भाषेतला फार सोयीचा शब्द. काही नसलं की निरंक लिहितात. आणि जे आहे ते लिहायची पंचाईत असली, तरी निरंकच लिहितात.

तर ही सदर कर्मचारी म्हणजे ताई. दवाखान्यात तिला पूर्वी मॅडम म्हणत. मग धाकटी बहीण त्याच रक्तपेढीत नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी तिने बोळात उभं राहून, शवागारातल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "ताई गं, माझा डबा तुझ्या पिशवीत राहिला!" त्या दिवसापासून झाडूवाल्यापासून विभागप्रमुख डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ताई म्हणू लागले. डॉक्टर वयाने तिच्याहून मोठे, पण "ताई, जरा हा रिपोर्ट बघता का" म्हणताना त्यांना काहीच वाटत नसे. धाकटीचं नावही त्याच न्यायाने पुसलं गेलं. ती 'धाकट्या मॅडम' झाली. पुढे तिचे केस पांढरे व्हायला लागले, मुलगी कॉलेजात गेली, तरी खिडकीशी येणारे नातेवाईक विचारत, "त्या धाकट्या मॅडम कुठायत?" याचा तिला राग येत असेल, हे ताईच्या कधी मनातही आलं नाही. लाडाच्या नावाचा जाच होतो, हे लाड करणाऱ्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

रक्तपेढी तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला. अर्धी काच दुधी असलेलं एक दार, रक्ताच्या पिशव्यांचे दोन फ्रिज, भिंतीकडेने लांबच लांब ओटा, आणि कोपऱ्यात शुद्ध पाण्याचं यंत्र, जे थेंब थेंब पाणी गाळत दिवसभर कुरकुरत असे. शिपायाचं टोपणनाव रेडिओ. त्याला कोणी लावावं लागत नसे आणि कोणाला बंद करता येत नसे. या सगळ्याच्या शेवटी मुख्य तंत्रज्ञाची काचेची केबिन. केबिनमधले गृहस्थ लवकरच निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी ताई जाणार, हे रेडिओने कधीच जाहीर करून टाकलं होतं.

ताईला केबिनचा सोस नव्हता. तिला हवी होती ती त्या खुर्चीची वेळ. मुख्य तंत्रज्ञाला पाळ्या नसतात. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं. ताईची आई अंथरुणाला खिळलेली. दिवसा सांभाळायला बाई यायची, पण पाळी बदलली की बाईची वेळ चुकायची, आणि मग कूस बदलायला कोणी नाही म्हणून आईच्या पाठीला जखमा व्हायच्या. ताईने लग्न केलं नव्हतं. आधी धाकटीचं शिक्षण होतं, मग धाकटीचं लग्न, मग आई. एवढ्या गडबडीत तेवढं राहून गेलं, असं ती म्हणे. जसं काही किराणा आणताना काडेपेटी राहून गेली. ती खुर्ची मिळाली की आईच्या पाठीच्या जखमा भरतील, एवढा साधा तिचा हिशोब. तो तिने धाकटीला अनेकदा बोलून दाखवला होता.

आता मिठाबद्दल. रक्तातल्या तांबड्या पेशी तपासायच्या तर त्या आधी धुवाव्या लागतात, आणि धुवायच्या त्या मिठाच्या पाण्याने. हे पाणी तयार बाटल्यांतून यायचं. पण पुरवठा कधी येई, कधी न येई. म्हणून ताई रोज सकाळी ते स्वतः करून ठेवी. मोठी काचेची बाटली, त्यात गाळलेलं पाणी, आणि तोलून मीठ. तराजूचं पारडं टीचभर. मोठ्या बाटलीचं मीठ त्यात एका वेळी मावत नसे. दोन खेपा कराव्या लागत. मोठ्या तराजूचा प्रस्ताव मंजूर होता. फक्त तराजू आलेला नव्हता.

मीठ पुरतं विरघळलं की ताई बाटलीच्या गळ्यात पांढरा दोरा बांधी. चिकटवलेल्या चिठ्ठ्या ओलीने गळून पडत, दोरा टिकत असे. दोरा असला तर मिठाचं पाणी, नसला तर नुसतं. रेडिओ रोज विचारी, "आज कोणाच्या गळ्यात गाठ बांधलीत, ताई?"

"तुझ्याच बांधायची होती. पण तुझा गळा सारखा चालू असतो, गाठ बसत नाही."

ताईला हे काम शिकवणाऱ्या जुन्या मास्तरांची एक खोड होती. दोरा बांधण्याआधी ते स्वच्छ काचकांडीने एक थेंब जिभेवर घेत. "रडताना ओठाशी येतं ना, तेवढंच खारट हवं," ते सांगत. "जास्त नको, कमी नको." प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायला सक्त मनाई, तशी पाटीच होती. मास्तर त्या पाटीला पाठ करून चाखत. ताईही तशीच चाखे. हे फक्त धाकटीला माहीत होतं.

धाकटीला शिकवलं तेही ताईनेच, त्याच ओट्याशी, स्वतःची बोटं टोचून घेऊन. सुरुवातीला दोघींचे रक्तगट तपासले. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवल्या.

"ही बघ. पिशवी आहे, पण रबराची नाही. हिला दारं आहेत. साखर आली तर साखरेचं वेगळं दार, तिथे तिला हाताला धरून आत घेणारा असतो. मीठ मात्र सहसा आत येऊ देत नाही."

"आणि पाणी?"

"पाण्याला कोण अडवणार? ते विचारत नाही. जिकडे मीठ जास्त, तिकडे जातं. पुस्तकात त्याला परासरण म्हणतात."

"म्हणजे पाणी नणंदेसारखं," धाकटी म्हणाली. तिचं लग्न नुकतंच झालेलं होतं. "विचारत नाही, आत येते, थेट फ्रिज उघडते."

"नणंद घर फोडते असं नुसतं म्हणतात. हे खरोखर फोडतं." ताईने एका नळीत साधं पाणी घातलं आणि त्यात रक्ताचा थेंब सोडला. गढूळ लाल रंग पाहता पाहता स्वच्छ, आरपार, सुंदर लाल झाला. सरबतासारखा.

"किती छान दिसतंय!"

"सगळ्या मेल्या. बाहेर मीठ नाही, आत आहे. पाणी आत धावलं, धावतच राहिलं, फुगून फुटल्या. गढूळ असतं तोवर जिवंत असतात, बाई. छान दिसलं की संपलं."

मग ताईने तिला पेशीच्या पंपाची गोष्ट सांगितली. मीठ चोरपावलांनी थोडं थोडं आत येतच असतं, आणि पेशी ते सतत बाहेर काढत असते. त्यासाठी तिची कितीतरी शक्ती खर्ची पडते. पंप थांबला की मीठ आत, मिठामागे पाणी, आणि पुढचं आपण नळीत पाहिलंच.

धाकटी विचारात पडली. "म्हणजे जिवंत राहायचं तर सारखं कोणाला तरी बाहेर काढत राहायचं."

"पुस्तकात असं लिहिलेलं नाही," ताई हसून म्हणाली. "पण हो."

चांगलं बोलली, असं तेव्हा ताईला वाटलं होतं.

ज्या दिवसाबद्दल ही हकिगत आहे त्या दिवशी आईला सांभाळणारी बाई उशिरा यायची होती. ताईने धाकटीला फोन केला. धाकटी म्हणाली, "तू आईचं सगळं आवरून निवांत ये गं. मी आहे ना. बाटलीपण मीच भरते." ताईला बरं वाटलं. ती आली तेव्हा ओट्यावर बाटली तयार होती, गळ्यात दोरा होता, आणि गाठही ताई मारते तशीच, दुहेरी. धाकटी खिडकीपाशी कोणाचं तरी रक्त काढत होती. तिने मानेनेच खूण केली, की झालंय सगळं.

ताईने त्या दिवशी थेंब चाखला नाही. बहिणीने बांधलेला दोरा चाखून बघायचा म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरात ताट हुंगून बघण्यासारखं. तिला ते सुचलंच नाही.

तेवढ्यात वरून निरोप आला. एक सुतार, शस्त्रक्रिया ठरलेली, रक्त हवं. त्याला पूर्वी अनेकदा रक्त चढवलेलं होतं. अशा माणसांच्या रक्तात कधीकधी परक्या पेशींना फोडणारी द्रव्यं तयार होतात. त्यांना जुळणारी पिशवी सापडणं कठीण असतं. ताईने त्याच्या गटाच्या पिशव्या काढल्या, प्रत्येकीतल्या थोड्या पेशी घेतल्या, त्या बाटलीतल्या पाण्याने धुतल्या. वरचं पाणी थोडं लालसर आलं. जुन्या पिशव्या, येतं असं, ती मनाशी म्हणाली. मग सुताराच्या रक्तातलं पाणी त्यांत मिसळलं, ऊब दिली, यंत्रात फिरवलं.

सगळ्या नळ्या लाल. सुताराच्या स्वतःच्या पेशी स्वतःच्याच रक्तात घालून पाहिल्या, त्याही लाल. इथे खरं तर थांबायला हवं होतं. पण असा एक विकार असतो ज्यात माणसाचं रक्त स्वतःच्याच पेशींवर उलटतं. ताईला तो आठवला आणि तिची उलट खात्रीच पटली. स्वतःच्या रक्ताने स्वतःला दगा देण्याची शंका माणसाला लगेच येते. बाटलीची येत नाही.

तिने लेखी दिलं : आमच्याकडे जुळणारं रक्त नाही.

सुताराचा भाऊ खिडकीशी येऊन ओरडला, "एवढे फ्रिज भरून ठेवलेत ते काय शोभेला?" शेवटी शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि सुताराला रुग्णवाहिकेत घालून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पाठवलं. वाटेत त्याची तब्येत बिघडली. तिथे पोचल्यावर त्यांनी पहिलीच पिशवी लावून पाहिली. जुळली.

ही बातमी त्याच संध्याकाळी, अर्थात रेडिओने आणली. "ताई, तिकडे म्हणे साधं आपलं कोणतंही रक्त चाललं. सुतार वाचला. पण भाऊ तक्रार करणारेय. आपल्याकडेच कुठेतरी पाणी मुरतंय म्हणत होता."

ताई ओट्यापाशी गेली, पाटीला पाठ केली, आणि बाटलीतला एक थेंब जिभेवर घेतला.

पूर्ण अळणी नव्हतं. अर्धं होतं. दोन खेपांपैकी एक.

तिला डोळ्यांसमोर दिसलंच सगळं. धाकटीने पहिलं पारडं ओतलं असणार, मग फोन वाजला असणार, बोलता बोलता हाताने सवयीने दोरा घेतला, दुहेरी गाठ मारली. नुसतं पाणी असतं तर पहिल्याच धुण्यात सगळ्या पेशी फुटल्या असत्या आणि ताईच्या लगेच लक्षात आलं असतं. अर्ध्या मिठात त्या फुगून कशाबशा तग धरून राहिल्या, आणि पुढे यंत्रात, नेमक्या नको त्या वेळी फुटल्या. पूर्ण खोटं पटकन पकडता येतं. अर्ध्याचं कठीण.

जिन्याच्या वळणावर तिने धाकटीला गाठलं. ऐकता ऐकता धाकटीचे डोळे भरून आले.

"मुलीचा फोन होता गं. परीक्षेचं काहीतरी... ताई, माझं काय होईल?"

"काय व्हायचंय? माणूस वाचलाय. दोरा तू बांधलास, चाखला मी नाही. चूक दोघींची. दोघींनी मिळून सांगू, एकदाच. निम्मी निम्मी."

"तू आधी बोलू नकोस हं. मी सांगते. माझ्या तोंडून जाऊ दे." धाकटीने पदराने डोळे पुसले. "शपथ, मीच सांगते."

"रडू नकोस. नाहीतर रेडिओ येऊन चव विचारेल."

धाकटी रडता रडता हसली. ताईला वाटलं, आपण किती भाग्यवान.

चौकशी डॉक्टरांच्या खोलीत झाली. डॉक्टर, प्रशासनातले एक साहेब, आणि समोर दोन खुर्च्यांवर दोन बहिणी. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. टेबलावर ती बाटली होती, दोऱ्यासकट, आरोपीसारखी.

"मला एवढंच सांगा," साहेब म्हणाले, "हे मिठाचं पाणी कोण करतं?"

ताईने धाकटीकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे.

धाकटी टेबलाकडे बघत होती. "त्या करतात," ती म्हणाली. "बाटली नेहमी त्याच भरतात."

वाक्य निर्दोष होतं. साहेबांनी विचारलं होतं कोण 'करतं'. त्या दिवशी कोणी 'केलं', हे विचारलं नव्हतं. जसा काळ प्रश्नात, तसाच उत्तरात. शाळेत पूर्ण गुण मिळाले असते.

पण ताई काळापाशी अडकली नव्हती. ती अडकली होती 'त्या'पाशी. धाकटी बोलायला लागल्यापासून तिने ताईला कधी अहोजाहो केलं नव्हतं. भांडताना नाही, चारचौघांत नाही, लग्नात सगळे पाहुणे बघत असताना नाही. "ताई करते" असं ती म्हणाली असती, तर त्यातून पुढे "पण त्या दिवशी" निघालं असतं. "त्या करतात" नंतर काही निघत नाही. ते एका परक्या बाईबद्दल बोलणं असतं.

ताई पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. धाकटीने हात पुढे केला, टेबलावरचा पेला घेतला आणि पाणी प्यायली.

"बरोबर आहे?" साहेबांनी ताईला विचारलं.

ताईच्या मनात कितीतरी वाक्यं आली. प्रत्येकाची सुरुवात 'हिने' अशी होती. तोंडातून मात्र आलं, "हो. मीच भरते."

हेही व्याकरणाने खरं होतं. साहेबांनी समाधानाने मान हलवली. दोन साक्षी जुळल्या. असं रक्तपेढीत क्वचित होतं. आणि ती गाठ शेवटी कोणाच्या गळ्यात बांधली, या रेडिओच्या रोजच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

ताईच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा ठपका लागला. तिला ओट्यावरून काढून रक्त काढण्याच्या खिडकीवर बसवलं, तीनही पाळ्यांमध्ये. आणि केबिनमधले गृहस्थ निवृत्त झाले तेव्हा मुख्य तंत्रज्ञाच्या जागी धाकटीची नेमणूक झाली.

इथपर्यंत ताईने धाकटीसाठी एक समजूत तयार करून ठेवली होती. घाबरली. खोलीत साहेब होते, जीभ वळली नाही. पेशीसुद्धा दाब वाढला की आकार बदलते. ही तर माणूस. जागा तिला मिळाली ती ओघानेच, कोणाला तरी मिळायचीच होती. ही समजूत ताई रोज सकाळी नव्याने करी, पूर्वी पाणी करी तशी, आणि संध्याकाळपर्यंत पुरवी.

ती फुटली डॉक्टरांच्या चांगुलपणामुळे. एक दिवस ते खिडकीशी आले, इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "ताई, झालं ते वाईट झालं. पण एका अर्थी बरं झालं, तुमच्या मनासारखंच झालं."

"माझ्या मनासारखं?"

"म्हणजे जागेचं. धाकट्या मॅडम त्या प्रकरणाच्या बऱ्याच आधी येऊन सांगून गेल्या होत्या ना, की त्यांना, म्हणजे तुम्हाला, ती जबाबदारी नकोय, आईमुळे झेपणार नाही, पण स्वतः नाही म्हणायला त्यांना संकोच वाटतो. तेव्हा मला म्हणाल्या, त्यांना विचारूही नका, त्यांना वाईट वाटेल." डॉक्टर कौतुकाने हसले. "फार जपतात हो तुम्हाला."

त्यांना. त्यांना. त्यांना.

समोर एक म्हातारे गृहस्थ बाही वर करून बसले होते. ताईने त्यांच्या दंडावर पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. "कळलंसुद्धा नाही हो," म्हातारे म्हणाले. "हात हलका आहे तुमचा."

तर 'त्या' ही काही चौकशीच्या वेळी, घाबरून, अचानक जन्मलेली नव्हती. ती कितीतरी आधीपासून डॉक्टरांच्या खोलीत ये-जा करत होती. ताईने दार लावलं नव्हतं, कारण ज्यांच्यासाठी दार लावायचं नसतं अशांपैकी धाकटी एक होती. धाकटी त्या दिवशी मीठ घालायला खरंच विसरली, यावर ताईचा आजही विश्वास आहे. मीठ ती विसरली होती. बाकी काहीच विसरली नव्हती.

रविवारी धाकटी आईला भेटायला आली. येताना फळं आणली. आईच्या खोलीत डोकावली, आईच्या केसांवरून हात फिरवला, आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नेहमीच्या खुर्चीवर बसली. ताईने वाढलं. दोघी जेवू लागल्या.

"आईच्या पाठीला पुन्हा झालंय की," धाकटी म्हणाली.

"हो. माझी पाळी बदलली."

"मी रोज संध्याकाळी येत जाईन आता. मला वेळ असतो. म्हणजे... आता असतो."

ताईने पोळीचा तुकडा मोडला. "डॉक्टर भेटले होते. मला ती जागा नको होती म्हणे."

धाकटीचा हात थांबला. टेबलावरच्या घड्याळाकडे, भिंतीकडे, नळाकडे, सगळीकडे बघून झालं.

"तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, ताई."

"मग विचारायचं ना."

"तू नाही म्हणतेस आणि मग सगळं तूच करतेस! आयुष्यभर बघतेय मी." तिचा आवाज चढला, मग आईची आठवण होऊन उतरला. "तुला माहितेय, तिथे मला नाव नाही? पन्नाशीला आले, तरी मी धाकटी. सही करते तीसुद्धा लोक वाचत नाहीत, 'ताईंच्या बहिणीची का' म्हणतात. तू खुर्चीत बसली असतीस तर मी मरेपर्यंत तुझी नळ्या धुणारी. मला एकदा... एकदाच बाहेर पडायचं होतं."

"बाहेर मी पडले," ताई म्हणाली.

धाकटीला ते जुनं वाक्य आठवलं असेल की नाही, कोण जाणे. ताईला आठवलं. जिवंत राहायचं तर कोणाला तरी बाहेर काढत राहायचं. तेव्हाही ते धाकटीच म्हणाली होती. ताईने फक्त हो म्हटलं होतं.

"मी सांगणार होते गं," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "खरंच. तोंडाशी आलं होतं."

"पाणी प्यायलीस वर. गेलं असेल खाली."

मग धाकटीने भाजीचा घास घेतला, चावला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, विचार न करता, घरच्या माणसाला म्हणावं तशी म्हणाली, "ताई, भाजी अळणी झालीय."

ताईने मिठाची बरणी तिच्याकडे सरकवली.

"घ्या," ती म्हणाली. "हवं तेवढं घ्या."

धाकटीने बरणीला हात लावला नाही. तिने भाजी तशीच संपवली, ताट धुतलं, आईच्या खोलीत जाऊन आली आणि जाताना दाराशी थांबून म्हणाली, "येते." ताईने मान हलवली.

हल्ली ती रोज संध्याकाळी येते. आईची कूस बदलते, जखमेवर औषध लावते, आईशी गप्पा मारते. आईच्या जखमा भरत आल्या आहेत. आई विचारते, "दोघी एकमेकींशी कसल्या गं बँकेतल्यासारख्या बोलता?" त्यावर दोघीही हसतात, नेमक्या एका वेळी.

रक्तपेढीत आता मिठाचं पाणी तयार, सीलबंद बाटल्यांतून येतं. नवा तराजूही आला. मुख्य तंत्रज्ञ मॅडमनी पाठपुरावा केला.

सदर कर्मचाऱ्याची वार्षिक माहिती यंदाही भरून घेण्यात आली. पद : वरिष्ठ तंत्रज्ञ. वर्तणूक : समाधानकारक, एक ठपका वगळता. याच आस्थापनेत कार्यरत असलेले रक्ताचे नातेवाईक : एक. सदर नात्यामुळे कामकाजात बाधा आली असल्यास तपशील : निरंक. खाली तपासणी अधिकारी म्हणून धाकटीची सही आहे.

दोघींचे रक्तगट जुळत नाहीत. पहिल्याच वर्षी तपासले होते.